मालकांच्या बांध्यांचं टेबल

आमच्या दुकानाच्या जागेचे मालक कधी 'हो' म्हणत नसत. 'नाही'ही म्हणत नसत. चहा घेता का, असं विचारलं तरी ते म्हणायचे, "पाहू." मग चहा आला की बशीत ओतून पीत, आणि कप परत देताना साखर जास्त झाली म्हणून कुरकुरत. 'हो' म्हणणारा माणूस तिथल्या तिथे विकला जातो आणि 'नाही' म्हणणाऱ्याच्या दारात पुन्हा कोणी येत नाही, असं त्यांचं मत होतं. "पाहू म्हनलं का मानूस आपला आपल्यापाशी राह्यते," ते सांगत.

मी भाव करणारा माणूस आहे. नागपूरला एका फर्निचरवाल्याकडे पॉलिश पेपर घासत सुरुवात केली. लाकडाचा कागदासारखा पातळ पापुद्रा कापून तो नक्षीत बसवायचा, याला विनिअरचं काम म्हणतात. तेही तिथेच शिकलो. मग सत्तरच्या दशकात साकोलीला हायवेवर भाड्याची जागा घेतली आणि स्वतःचं दुकान टाकलं. पाठीशी बाप नव्हता, भाऊ नव्हता. लाकडाच्या लिलावात माझ्यासमोर उभं राहायला भले भले व्यापारी कचरत, कारण मी चिडतो हे त्यांना माहीत होतं आणि चिडूनही हिशेब चुकत नाही हेही माहीत होतं. पण भाव करायला समोरच्याने काहीतरी बोलावं लागतं. मालक बोलतच नसत. धुक्याशी भाव कसा करायचा?

मला ते दुकान विकत हवं होतं. भाड्याच्या जागेत माणूस खिळा ठोकतानासुद्धा भिंत परक्याची आहे हे विसरत नाही. शिवाय हायवेवरची जागा म्हणजे नागपूर-रायपूरच्या गाड्या दारासमोरून जाणार, आणि गाडीतल्या माणसाला पलंग दिसला की तो थांबणार. मी दर दिवाळीला विषय काढायचो. मालक म्हणायचे, "पाहू."

ते राहायचे एकोडीच्या बाजूला एका खेड्यात. बाजाराच्या दिवशी एसटीने साकोलीला येत आणि थेट दुकानात. धोतर, आणि भर उन्हाळ्यातही अंगात खाकी कोट. कोटाच्या खिशात धानाचे दाणे. दाणा दाताखाली फोडून तो किती सुकला हे ते सांगत, आणि तीच सवय त्यांना लाकडाच्या बाबतीतही होती. आल्या आल्या रंध्याखालचा भुसा उचलायचे, तोंडात टाकायचे, चावायचे आणि थुंकायचे.

"ओला हाये जी हा साग. दरवाजा फुगन."

कधी बरोबर निघायचं, कधी साफ चूक. चूक निघालं की म्हणायचे, "मंग तुमी सुकवला असन."

खुर्चीवर कधी बसले नाहीत. दुकानात चार खुर्च्या विक्रीच्या उभ्या असत, मी पुढे करायचो, पण ते उंबऱ्यावर टेकत. "इकाची खुर्ची हाये. म्या बसलो तं जुनी होईन." ग्राहकाला आत यायचं तर त्यांना ओलांडून यावं लागे. मी दोन-तीनदा यावरून आवाज चढवला. त्यांनी पाय थोडे आखडले.

एकदा ते नागपूरला कोर्टाच्या कामाने गेले. वकिलाच्या घरी त्यांनी विनिअरचं टेबल पाहिलं. वर वेल, फुलं, मधोमध मोर. परत आले ते सरळ दुकानात.

"तसं बनवता येते का तुमाले?"

"तसंच शिकलो मी."

"फुलं नाई पाह्यजे. फुलाले काय करू? मले माह्या बांध्या पाह्यजे."

त्यांच्या गावाला एक बोडी आहे, म्हणजे लहानसा तलाव. बोडीखाली मालकांच्या घराण्याची सगळी धानाची जमीन. एकेक वाफा म्हणजे बांधी, दोन बांध्यांमधला मातीचा बांध म्हणजे धुरा. मालकांना टेबलावर ती पूर्ण जमीन हवी होती. वर बोडी, खाली प्रत्येक बांधी तिच्या आकाराची, वेगवेगळ्या लाकडाची, आणि मधले धुरे.

मी तोंडावर काही दाखवलं नाही. म्हणालो, "बनवतो. मजुरी नको. दुकानाचं बोला."

"टेबल पाहू. मंग दुकानाचं पाहू."

मी याचा अर्थ लावला. तुम्हीही तोच लावला असता.

जमीन बघायला मी त्यांच्या गावी गेलो. तिथे त्यांचा आणखी एक प्रकार पाहिला. दुसऱ्याच्या धुऱ्यावर ते पाय ठेवत नसत. आधी काठावर उभे राहून हाक मारायचे, "येऊ का जी?" बांधीत कोणी असलं आणि 'या' म्हणालं की चपला हातात घेऊन जायचे. कोणी नसलं तर परत फिरायचे आणि बोडीला वळसा घालून पलीकडे जायचे. आम्ही त्या दिवशी असे दोन वळसे घातले. चिखलात माझी चप्पल तुटली. मी म्हणालो, "अहो, कोण बघतंय?" ते म्हणाले, "धुरा पाह्यते."

पण एका धुऱ्याच्या बाबतीत हा माणूस वेगळा होता. त्यांच्या आणि त्यांच्या चुलतभावाच्या बांधीमधला तो धुरा. वाटणीच्या वेळी तो कोणाच्या हिश्शात गेला यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं, ते मी दुकान टाकण्याच्याही आधीपासून. गावातल्या लग्नाच्या पंगतीत त्यांना जवळजवळ बसावं लागे, मान एकाच घराण्याचा म्हणून. मग मध्ये एक माणूस बसवत. मालक त्या मधल्याला म्हणत, "त्याइले सांगा, वरन खारट हाये." मधला वळून सांगे. चुलतभाऊ मधल्याला म्हणत, "त्याइले सांगा, मले माह्यत हाये." मधला जेवायचा राहायचा. एका लग्नात मधला म्हणून मलाच बसवलं होतं, म्हणून हे मला ठाऊक.

लाकडं मी मन लावून निवडली. हे मान्य करायला मला हरकत नाही. माझं भांडण कामाशी नव्हतं. बोडीला काळपट शिसम, कारण त्यातल्या रेषा पाण्यासारख्या वळतात. उतारावरच्या बांध्यांना पिवळा हळदू, खोलातल्या बांध्यांना तांबूस बिजा, काठावरच्या दोन-तीन बांध्यांना फिकट शिवण. धुऱ्यांना तेंदूच्या गाभ्याची काळी पट्टी, सुतळीएवढी. आधी सगळे तुकडे कागदावर जुळवले आणि मालकांना दाखवले.

त्यांनी वाकून बराच वेळ पाहिलं. मग त्या एका धुऱ्यावर नख ठेवलं.

"हा धुरा बसवाले जागा लागली असन."

"लागते ना. पट्टीएवढी."

"कोनाच्या बांधीतून घेतली?"

मी म्हणालो, दोन्हीकडून अर्धी अर्धी घेतली, तीच पद्धत असते.

"माह्याकडून काहून घेतली? धुरा माहा. जागा त्याच्या बांधीतून जाईन."

"तुमचा धुरा आहे तर जागा तुमच्याकडूनच जायला हवी!"

"त्यानं खाल्ला होता. आता परत येऊन राह्यला."

मी पटाशी आपटली. मग पट्टी सरकवली. सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या हिश्शाच्याही, काही भागांचा फरक होता, डोळ्याला दिसतही नव्हता. मला दुकान दिसत होतं.

विनिअर सरसाने चिकटवतात. सरस गरम गरम लावायचा, वर तुकडे बसवायचे, त्यावर फळी ठेवायची आणि सुकेपर्यंत भरपूर वजन. वजन नसलं की पापुद्रा फुगतो. माझ्याकडे एवढ्या मोठ्या टेबलाला पुरतील असे शिकंजे नव्हते, म्हणून मी नेहमी शेजारच्या राइस मिलमधून भरलेली पोती आणायचो. मालक म्हणाले, पोती मी आणतो. "माह्या बांधीवर माहाच धान." बैलबंडी जुंपून खरंच घेऊन आले.

मी सरस लावला, तुकडे बसवले, फळी उचलली. मालक म्हणाले, "फळी दोन करा."

"का?"

"एका फळीनं माह्या धानाचं वजन त्याच्या बांधीवर पडन."

मला वाटलं थट्टा करतात. थट्टा नव्हती. सरस गार होत चालला होता, वाद घालायला वेळ नव्हता. मी शिव्या देत फळी कापली. त्यांच्या अर्ध्या भागावर त्यांची पोती ठेवली. मग मिलमधून दोन पोती आणायला निघालो, तर ते आडवे आले.

"परक्याचा धान त्याच्या बांधीत? उद्या म्हनन का म्या त्याची जमीन दुसऱ्याले देल्ली."

"मग विटा ठेवतो."

ते दचकलेच. "शेतात गोटे टाकता? भरल्या बांधीत? पाप लागते जी!"

"अहो, लाकूड आहे ते!"

"बांधी हाये."

ज्या माणसाशी हे वर्षानुवर्षं बोलत नव्हते, ज्याच्याकडून सूतभर जागा ओढून घेतली होती, त्याच्या शेतात दगड पडू नये म्हणून हे राखण करत बसले. उठले असते तर मी काहीही ठेवलं असतं. उठलेच नाहीत. उंबरा सोडून टेबलाशेजारी जमिनीवर बसले आणि दुपारी माझ्याच डब्यातली भाकर खाल्ली. डोळ्यांदेखत चुलतभावाच्या बांध्या फुगायला लागल्या. हळदू भजीसारखा वर आला.

त्या फुगवट्याबरोबर माझं दुकान जात होतं. मी मिलमधल्या हमालाला सायकल दिली आणि चुलतभावाच्या घरी पिटाळलं. निरोप असा, की तुमच्या बांध्या खराब होत आहेत, धान घेऊन लवकर या.

आजही मला नवल वाटतं. त्याने एक प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार पोती बंडीत घालून दारात हजर. मालकांपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, धिप्पाड, मिशा वळवलेल्या. रात्र दुकानातच काढलेले मालक तोंड फिरवून बसले. मी फुगलेला भाग गरम इस्त्रीने नरम केला, पुन्हा सरस घातला. चुलतभावाने पोतं पाठीवर घेतलं, टेबलाशी आला, आणि थांबला. पोतं तसंच पाठीवर.

"याइले सांगा," तो मला म्हणाला, "धुरा माह्याकडं सरकला हाये."

सुताचा काही भाग! मी स्वतः कापलं होतं आणि मला दिसत नव्हतं. पाठीवर पोतं असलेल्या माणसाला दिसलं.

"त्याइले सांगा," मालक भिंतीकडे बघत म्हणाले, "हाये तिथंच हाये."

"याइले सांगा, म्या आंधळा नोहो."

"त्याइले सांगा, लहान होता तं आंधळाच होता. म्या बोट धरून बोडीवर नेत होतो."

"याइले सांगा, बोट धरलं अन् धुरा खाल्ला!"

मी कोणालाच काही सांगितलं नाही. दुकानात दोन ग्राहक पलंग बघायला आले होते, ते खुर्च्यांवर बसून ऐकत होते. मिलमधले हमालही दारात जमले. एक जण म्हणाला, "बोडीच्या खालची ती चिंचोळी बांधी माहा सासरा बटईनं करते, तिले बिजा काहून लावला? हळदू पाह्यजे." सरस पुन्हा गार होत होता. माझं डोकं फिरलं. मी पटाशी घेतली, त्या धुऱ्याखाली घातली आणि काळी पट्टी एका झटक्यात उपटून काढली.

"घ्या! आता धुराच नाही. बोला!"

मग चुलतभावाच्या पाठीवरचं पोतं धप्पकन खाली पडलं.

"धुरा फोडला!" तो ओरडला.

"अजी, धुरा कोनी फोडते का?" मालक ताडकन उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतक्या चपळाईने उठताना पाहिलं नव्हतं. "पानी भरून हाये बांधीत!"

"पानी जाईन ना सारं खाली!"

"वरची बांधी कोरडी, खालची बुडन!"

"अन् हे सुतार मानूस, याले काय समजते! दादा, तुमी काम देल्लंच काहून याले?"

"मले काय माह्यत का असा निंघन?"

मध्ये कोणी नव्हतं. ते एकमेकांशी बोलत होते, म्हणजे दोघं मिळून मला शिव्या देत होते. धुरा फोडणं म्हणजे काय, मागे कोणत्या गावात कोणी फोडला आणि त्याच्या घराचं पुढे काय झालं, एकाने सुरू केलं की दुसरा पुरं करी. माझ्या बापाचाही उद्धार झाला. मग दोघं बाहेर पडले. चुलतभावाने बंडी वळवली, मालक मागे चढून बसले, आणि पोती माझ्याकडेच सोडून दोघं एका बंडीतून गावाला गेले. हमाल टाळ्या वाजवत होते. मी त्यांना काय म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या बाजाराला दोघं बरोबर आले. धुरा कुठे बसवायचा ते दोघांनी मिळून सांगितलं. पट्टी पूर्ण चुलतभावाच्या बाजूने, जशी मालकांना हवी होती तशी. चुलतभाऊ मान हलवत होता. मला काही कळेना, पण मी मुकाट्याने बसवली. दोघांनी आपापली पोती आपापल्या हाताने ठेवली. टेबल सपाट झालं. पॉलिश केल्यावर बोडीत पाणी हलतंय असं वाटायचं. तसं काम मी पुन्हा केलं नाही आणि कोणी मागितलंही नाही.

टेबल पोचतं केल्यावर काही दिवसांनी चुलतभाऊ एकटा दुकानात आला आणि भिंती बघू लागला. हाताने मापत होता. मी विचारलं. तो मोकळेपणाने म्हणाला, तडजोड झाली. धुरा दादांना दिला, बदल्यात दादांनी साकोलीची जागा मला दिली. पोरगा इथे शेतीची अवजारं विकणार आहे. "तुमाले घाई नाई जी. दिवाळीवरी राहा."

मी तिथल्या तिथे सायकल काढली आणि मालकांच्या घरी गेलो.

ते जेवायला बसत होते. टेबल मधल्या खोलीत, वर फुलाफुलांची चादर. ताटं मात्र टेबलाशेजारी जमिनीवर मांडलेली. माझ्यासाठीही एक आलं. मी विचारलं, एवढं टेबल असताना खाली का?

"कोनाच्या बांधीवर ताट ठेवता?"

"तुमच्याच ठेवा!"

"उष्टं सांडलं तं? लक्ष्मी हाये."

मी ताट बाजूला सारलं. म्हणालो, तुम्ही मला शब्द दिला होता.

"काय म्हनलो होतो म्या?"

"टेबल पाहू, मग दुकानाचं पाहू."

"मंग, पाह्यलं ना."

मी बरंच बोललो. फुकट राबलो ते बोललो, सागाचा भुसा चावून थुंकत होते तेही बोललो. ते ऐकत होते. त्यांची बायको दारात येऊन उभी राहिली. शेवटी ते म्हणाले, "रागावू नोका. आमचं बोलनं कोनाच्यानं झालं नाई. पंचानं झालं नाई, कोर्टानं झालं नाई. तुमी धुरा फोडला म्हनून झालं. तुमचे उपकार हायेत आमच्या घरावर." हे ते मनापासून म्हणत होते. तेच मला जास्त लागलं. उपकार माझे, आणि जागा त्याची. म्हणाले, गावात बोडीच्या पाळीजवळ माझी पडीक जागा आहे, तिथे दुकान टाका. बोडीच्या पाळीवरून कोणती गाडी जाते? म्हशी जातात. मी उठून आलो.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत एक टिनाची जागा भाड्याने मिळाली. दिवाळीच्या आधी मी सामान हलवायला काढलं, आणि सकाळीच दोघं भाऊ दारात उभे. बंडी घेऊन आले होते. मी बोलावलं नव्हतं. मालकांनी कोट काढून खिळ्याला टांगला. तो त्यांच्या अंगावरून उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आत अगदी नवा सदरा होता.

दोघांनी विक्रीच्या खुर्च्या एक एक करून, पाय न घासता, बंडीत रचल्या. लाकडाच्या फळ्या मोजून दिल्या. माझा कामाचा बाक अख्ख्या खोडाचा, चार माणसांचं वजन. मी म्हणालो, हमाल बोलावतो. चुलतभाऊ म्हणाला, "हमाल कायले? आमी हावो ना." एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मालक. दारात बाक अडकला.

"दादा, तिरपा करा."

"तूच कर ना बे तिरपा, मिशा पिळल्यानं जोर येते का?"

"तुमी सोडसान तं माह्या पायावर पडन!"

"लहानपनी पडला होतास बोडीत, तवा सोडला होता का म्या?"

हसू आवरेना म्हणून दोघांनी बाक खाली टेकवला. मालक कपाळ पुसत होते, चुलतभाऊ कमरेवर हात ठेवून खिदळत होता. दोघं मिळून माझं दुकान रिकामं करत होते, अगदी आनंदाने. मग मालक माझ्याकडे वळून म्हणाले, "पाहून काय राह्यले जी? जरा हात लावा."

दोघांच्याही मानगुटीला धरून दुकानातून बाहेर काढावं, असं मला फार वाटलं. पण दुकान माझं नव्हतं.

मी हात लावला.